कडेची बोटं

आधी तिने फ्रॉक ओळखला. फ्रॉकमधली मुलगी कोण ते लक्षात यायला थोडा वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात तिचे हात सवयीने कामाला लागले होते. भिंग उचललं, डावा डोळा मिटला, कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यापासून तपासायला सुरुवातही झाली. छापखान्यात तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई आणि पाठीमागे भिंगबाई, पण ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यामुळे पाठीमागे म्हणण्यातली गंमत कधीच निघून गेली होती. एकोणीस वर्षं ती ह्याच उतरत्या टेबलापाशी, ह्याच पांढऱ्या दिव्याखाली उभी होती. कुठलंही काम मशीनवर चढण्याआधी त्याचा एक नमुना तिच्यापुढे यायचा. रंग एकमेकांवर नीट बसलेत का, अक्षर कुठे तुटलंय का, ठिपका, ओरखडा, नको ती सावली राहिली आहे का, हे ती बघायची आणि खालच्या कोपऱ्यात सही करायची. सही झाल्याशिवाय मशीन फिरत नसे. "आमच्या बाईंच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही," असं मालक गिऱ्हाइकांना सांगत, आणि ते खरंच होतं. मुंगी सुटली नव्हती. बाकी काय काय सुटलं असेल ते असो, ते काही कागदावर नव्हतं.

फ्रॉकवर होड्या होत्या. डाव्या अंगाच्या होड्या सरळ आणि उजव्या अंगाच्या उलट्या, शिडं खाली, तळ वर. कापड पुरलं नव्हतं म्हणून आईने उरलेला तुकडा फिरवून जोडला होता. ते कापड मुळात कुणाच्या तरी मुलांच्या खोलीतल्या पडद्याचं. आई कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीला होती, तिथे ते फाटकं म्हणून बाजूला टाकलेलं. "ह्या बाजूच्या सगळ्या बुडाल्या," असं दादा तिला चिडवायचा, आणि ती रडायला लागली की आई दातातली सुई काढून म्हणायची, "बुडाल्या नाहीत गं. वळल्यात. घरी निघाल्यात त्या." असा फ्रॉक जगात दुसरा असणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या फ्रॉकमधली, कपाळावर केस तिरपे कापलेली, हातात फीत बांधलेला चंदेरी खोका धरून सरळ समोर बघणारी सहा वर्षांची मुलगी ती स्वतःच होती. फोटो काळा-पांढरा होता. फीत तेवढी लाल केलेली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "हिला ह्या नाताळात काही मिळेल का?" आणि खाली लहान अक्षरात, एका मुलाचं पोटभर जेवण आणि एक भेट तुमच्याकडून, वगैरे, आणि मदत ज्या संस्थेकडे पाठवायची तिचा पत्ता. त्या वर्षी ही पोस्टरं शहराच्या चांगल्या भागात लागली होती. त्या भागात जायचं तिच्या घरच्यांना काही कारणच नव्हतं, त्यामुळे तिने हा फोटो आजवर कधी पाहिलेला नव्हता.

आता आपण दचकायला हवं, असं तिला वाटलं. तिने जरा वाट बघितली. काही झालं नाही. लाल रंग एका केसाइतका डावीकडे सरकलाय हे तेवढं दिसलं, आणि तिने तिथे पेन्सिलीने बाण काढला. आठ महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. दवाखान्यात नर्सने येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "चादर मी घेऊन जाऊ ना? ती आमची घरची आहे." नर्स तिच्याकडे बघतच राहिली होती. तीन दिवस रजा घेतली, चौथ्या दिवशी कामावर आली, आणि आल्या आल्या औषधाच्या लेबलावरची एक चूक पकडली, तिचं मालकांनी कौतुकही केलं. शेजारीण म्हणाली, रडून घे बाई, मोकळी होशील. तसं एका रविवारी ती ठरवून, दार लावून, बाथरूममध्ये स्टुलावर बसलीही. दहा मिनिटं बसली. मग उठून गळक्या नळाचा वॉशर बदलला. सकाळी साडेपाचला अजून जाग यायची, आईच्या गोळीची वेळ म्हणून. उठायची, स्वयंपाकघरात जायची, पेला भरायची, आणि मग तो आपणच पिऊन टाकायची. वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही ह्याचंही वाईट वाटत नव्हतं. जेवणाला चव नव्हती, पण जेवण वेळेवर होतं.

भिंग हळूहळू खाली सरकत डावीकडच्या कडेपाशी आलं आणि तिथे थांबलं. खोक्याच्या खालच्या कोपऱ्यापाशी, फोटोच्या बाहेरून, चार बोटं आत आली होती. नुसती बोटं. मनगट नाही, बाही नाही. कुणीतरी फोटोच्या चौकटीबाहेर बसून हात पुढे केला होता. पहिल्या बोटाचं नख वाकडं होतं, मधोमध चिरलेलं. ते नख कारखान्यातल्या इस्त्रीच्या मशीनखाली सापडलं होतं आणि परत कधी सरळ आलं नाही. शेवटच्या दिवसांत नखं कापताना तिने ते हजारदा हातात धरलं होतं. त्यांच्या घरात कॅमेरा कधी नव्हताच. आईचा पहिला फोटो निघाला तो कारखान्याच्या ओळखपत्रासाठी, पन्नाशीत, त्यातही डोळे मिटलेले. तरुणपणची आई कुठेच नव्हती. इथे होती ती एवढीच, चार बोटं, तीही कडेला.

आणि ह्याच बोटांनी खोका ओढून घेतला होता. हे मात्र तिला लख्ख आठवत होतं. बाकी त्या दिवसाचं फारसं काही उरलं नव्हतं. संस्थेच्या मागचं अंगण, मुलांची रांग, हिचे डोळे मोठे आहेत म्हणून हिला पुढे घ्या असं म्हणणारी कुणीतरी बाई, तोंडात सतत पेपरमिंट चघळणारा फोटोवाला. तिच्या आधी एका मुलीला खोका देऊन उभं केलं, ते काही त्याच्या मनासारखं झालं नाही. मग तिला एका खोलीत नेऊन तिचे केस विंचरले, आणि बाहेर आली तेव्हा खोका तिच्या हातात दिला. तो जड होता. हे तिच्या हातांना आजही आठवत होतं. इतका जड, की आत काहीतरी असणारच, काहीतरी मोठं, खरं. कॅमेरा कितीतरी वेळा वाजला. आणि मग एकदम आईने तो तिच्या हातातून घेतला, फोटोवाल्याकडे दिला, आणि तिचं मनगट धरून फाटकाबाहेर चालायला लागली. ती रस्ताभर भोकाड पसरून रडली. आई एक अक्षर बोलली नाही. नाताळला इतरांसारखं त्यांनाही पाकीट मिळालं, पीठ, साखर, दुधाचा डबा, आणि तिच्या नावाचे म्हणून राखाडी मोजे. मोजे चांगले होते, दोन हिवाळे टिकले. पण तो खोका तो नव्हेच.

त्या खोक्यात काय होतं हे तिने पुढे किती वर्षं ठरवलं असेल! आधी बाहुली होती. मग बाहुलीची चूल, भांड्यांसकट. नऊ वर्षांची झाल्यावर रंगांची पेटी. बाराव्या वर्षी तिने त्यात मनगटी घड्याळ घातलं. सहा वर्षांच्या मुलीला कुणी घड्याळ देत नाही, आणि घड्याळ काही इतकं जड नसतं, हे कळत होतं, पण खोका तिचा होता, त्यात काय ठेवायचं हे दुसरं कोण सांगणार? सोळाव्या वर्षी कुण्या ओळखीच्या बाईंनी दिलेला कोट आईने परत केला, फार भारी आहे, आपल्याला शोभत नाही म्हणून, तेव्हा ती तडकली होती. "तू सगळं परतच देतेस. माझा खोकासुद्धा परत दिलास." आई इस्त्री करत होती. तिने शर्टाची कॉलर उलटी केली, दाबली. म्हणाली, "हो. दिला." बस्स, एवढंच. त्यानंतर तो विषय निघाला नाही. पुढे दादा लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, ह्या दोघीच उरल्या, बावीस वर्षं एका घरात राहिल्या. भांडण नव्हतं. गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, गोळी घेतलीस का, असं सगळं नीट चालायचं. पण आईने काही पुढे केलं, वाटी म्हणा, पैसे म्हणा, तर ती घेण्याआधी आईच्या बोटांकडे बघायची. सोडतायत का ते. आईला हे दिसत असणार. ती मग वस्तू टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, घे तुझी तू.

साडेअकराला संस्थेच्या बाई आल्या. स्थूल, दमेकरी, हसतमुख बाई, जिना चढून आल्यावर आधी दोन मिनिटं खुर्चीत बसून राहिल्या आणि मग पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून सगळ्यांना वाटू लागल्या. वाईट बोलावं असं त्यांच्यात काही नव्हतं. "पन्नासावं वर्ष ना आमचं," त्या म्हणाल्या. "जुन्या फायलीत सापडला हा. बघा हो, काय डोळे आहेत! गेल्या वर्षी आम्ही हौसेने रंगीत काढला, हसरी मुलं, फुगे बिगे. कुणी ढुंकून बघितलं नाही. पाकिटं पुरली नाहीत. शेवटच्या दोन वस्त्यांत नुसती ही अशी बिस्किटं वाटली. मुलं रांगेत उभी होती हो दोन तास. एकाने मला विचारलं, आमचा नंबर चुकला का? काय सांगणार?" बोलता बोलता त्या नमुन्यावर वाकल्या आणि त्यांचं गुबगुबीत बोट नेमकं कडेपाशी टेकलं. "हे तेवढं काढायला हवं. बोटं. दिसतात."

"बोटं," भिंगबाई म्हणाली.

"हो ना. म्हणजे आई बरोबर आहे हे कळतं. आणि आई आहे म्हटलं की लोकांना वाटतं, आहे ना बघायला कुणीतरी, मग आपण कशाला? पन्नास वर्षांचा अनुभव आहे संस्थेचा. पोर एकटं दिसलं पाहिजे."

शेजारी उभे असलेले खोडरबर मान हलवत होते. खोडरबर म्हणजे फोटो दुरुस्त करणारे गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. पूर्वी ब्रशने करायचे, आता कॉम्प्युटरवर करतात, पण काम तेच, नको ते पुसणं. लोकांच्या लग्नाच्या फोटोतले नको असलेले जावई त्यांनी पुसले होते, दुकानाच्या जाहिरातीतून मेलेले भागीदार पुसले होते. "होऊन जाईल," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

भिंगबाईने विचारलं, "ही मुलगी कोण, माहीत आहे का?"

"छे हो. तेव्हा नावं कुठे लिहून ठेवत होते, नंबर असायचे. आता असेल कुठेतरी, चांगली असेल. आपलं आपण म्हणायचं."

"हो," भिंगबाई म्हणाली. मी आहे ती, हे वाक्य तिच्या तोंडाशी तयार होतं. अवघड काही नव्हतं त्यात. पण ते बोलून पुढे काय करायचं हे तिला कळेना. बाईंना आनंद झाला असता. त्यांनी तिला मिठी मारली असती, कार्यक्रमात बोलायला बोलावलं असतं. तेव्हा तिने दुसरंच विचारलं. "फोटो काढताना खोक्यात काय असतं?"

बाई हसल्या. हसता हसता खोकल्या. "काही नाही! फोटो आधी काढावा लागतो ना. तो बघून लोक देणार, मग वस्तू येणार. तोवर कुठून आणायचं काही? नुसता कागद गुंडाळलेला खोका असतो तो. पहिल्यापासून तसंच."

त्या गेल्यावर ती बराच वेळ टेबलापाशी उभी होती. रिकामा. मग जड कसा होता? सहा वर्षांच्या मुलीला रिकामा खोकाही जड वाटू शकतो, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण एकोणीस वर्षं जिने केसाएवढी चूक सोडली नाही तिला हे सोडता येईना. मन हललं वगैरे काही नव्हतं. हिशेब लागत नव्हता इतकंच. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता मागच्या जिन्यात गेली आणि दादाला फोन लावला.

दादा ट्रक चालवायचा. ह्या वेळी तो कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला जेवत असणार. "काय गं चिमे, बरी आहेस ना?" तो भरल्या तोंडाने म्हणाला. आई गेल्यापासून तो प्रत्येक वेळी हेच विचारायचा आणि उत्तर ऐकायला घाबरायचा.

"बरी आहे. दादा, तो फोटो आलाय आमच्याकडे छापायला. खोक्याचा."

"कुठल्या खोक्याचा?" मग तो एकदम थांबला. "तो? संस्थेचा? अगं, मी होतो की तिथे."

"म्हणून तर विचारतेय. खोक्यात काय होतं?"

"विटा," दादा म्हणाला.

मागून एक गाडी गेल्याचा आवाज आला. घास गिळून तो पुढे बोलत राहिला. "दोन विटा. मीच आणल्या, मागच्या पडक्या भिंतीच्या. ती आधीची मुलगी होती ना, तिच्या हातात तो खोका हलका दिसत होता. फोटोवाला म्हणाला, रिकामा आहे ते कळतंय, काहीतरी वजन टाका. तुझे केस विंचरत होते तेव्हा आईने आणि मी भरला. पण मग तुला पेलेना. तू खाली खाली जायला लागलीस. तेव्हा आई बाजूला उकिडवी बसली आणि तिने खालून हात दिला. किती वेळ गं! तो माणूस म्हणतोय, आणखी एक, आणखी एक. आई नुसती ओठ दाबून बसलेली. हात थरथरायला लागला तरी हलली नाही."

"आणि मग तिने तो ओढून घेतला."

"घेणारच ना. तू कागद फाडायला लागली होतीस." दादाने पाणी प्यायलं असावं. "तुला माहीत नव्हतं हे?"

"नाही."

"मला वाटलं, मोठी झाल्यावर कळलं असेल तुझं तुला. मला तिने शपथ घातली होती, बोलायचं नाही म्हणून. म्हणाली, विटा बघितल्या तर पोर आयुष्यभर विटाच बघेल. त्यापेक्षा आईने परत दिलं म्हणू दे. आईवर रागावता तरी येतं." तो जरा थांबला. "चिमे? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"मग मी पण विसरलो गं. ट्रकच्या धंद्यात कुठे काय लक्षात राहतं."

"जेव तू," ती म्हणाली. "गार होईल."

जिन्यात बसून तिने डबा उघडला आणि खाल्ला. सगळा खाल्ला. काय खाल्लं ते डबा धुताना भांड्याच्या कडेला चिकटलेलं बघून कळलं. तिला वाटत होतं की आता काहीतरी व्हावं, छातीत, घशात, निदान डोळ्यांत. सिनेमात होतं तसं. नुसते कान गरम झाले होते. आणि एक मूर्खासारखा विचार डोक्यात घुमत होता, की बाहुली, चूल, रंगपेटी, घड्याळ, ह्या सगळ्याच्या खाली त्या दोन विटा पहिल्यापासून होत्या, आणि आईला ते माहीत होतं. सोळाव्या वर्षी ती तडकली तेव्हा माहीत होतं. हो, दिला, म्हणताना माहीत होतं. टेबलावर वाटी ठेवून घे तुझी तू म्हणताना माहीत होतं. बावीस वर्षांत एका वाक्याने सुटली असती. मग का नाही सोडवून घेतलं तिने स्वतःला? आधी राग यावा इतकं ते सोपं वाटलं, आणि मग तिला वाटलं की इतक्या वर्षांनी विटा काढून दाखवणं हेसुद्धा काही सोपं नसेल. कधी सांगणार? भांडणात सांगितलं तर ते भांडण जिंकण्यासाठी झालं असतं. आणि भांडण नसताना तर त्या दोघी काही बोलतच नव्हत्या.

परत येऊन तिने भिंग पुन्हा कडेवर ठेवलं. आता ती नुसती तपासत होती, काम तपासावं तसं. ओढायचं असेल तर अंगठा लागतो. खोक्याच्या वरच्या अंगाला कुठेही अंगठा नव्हता. बोटं खालून वर आलेली, तळवा खोक्याच्या बुडाशी, टोकं समोरच्या बाजूवर वळलेली. नखं पांढरी पडली होती, दाबून. खोक्याचा काठ दुसऱ्या बोटाच्या पेरात रुतला होता आणि तिथे मांस बाजूला फुगलेलं दिसत होतं. सकाळी हे सगळं तिने पाहिलं होतं. भिंगातून पाहिलं होतं. मुंगी सुटत नाही ना.

तीन वाजता ती खोडरबरांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर मुलगी हातभर मोठी झाली होती. खोडरबर जीभ दातात धरून काम करत. त्यांनी भिंतीचा एक तुकडा उचलला आणि करंगळीवर ठेवला. करंगळी गेली. मग त्याच्या शेजारचं. थांबा म्हणावं, असं तिला वाटलं. थांबा, ती माझी आई आहे. म्हटलं असतं तर ते थांबलेही असते, भले गृहस्थ होते. पण मग संस्थेच्या बाई आठवल्या, खोकत खोकत रांगेतल्या मुलाचं बोलणं सांगणाऱ्या. आमचा नंबर चुकला का? बोटं राहिली तर पाकिटं कमी पडणार, हे खरं होतं की नुसतं बाईंचं म्हणणं होतं, कोण जाणे. पण खरं असलं तर? आईची चार बोटं ठेवायची आणि कुठल्या तरी पोराला नुसत्या बिस्किटावर परत पाठवायचं, हे आईला तरी चाललं असतं का? ती तर म्हणाली असती, काढ गं, माझी बोटं काय बघायचीत. तिसरं बोट गेलं. वाकड्या नखाचं तेवढं राहिलं, आणि एका क्षणी तेही गेलं. खोक्याचा कोपरा पूर्ण झाला. आता ती मुलगी दोन विटा एकटीच उचलून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही ताण नव्हता.

"बघा, बाई," खोडरबर खुर्ची फिरवून म्हणाले. "कळतंय का तिथे काही होतं ते?"

"नाही कळत," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच आला.

"सावली राहिली बघा. ही." त्यांनी फ्रॉकच्या घेरावर बाण नेला. खोक्याच्या खाली, उलट्या होड्यांवर, एक मऊ काळपट पट्टा पडला होता, बोटांकडे रुंद, मनगटाकडे निमुळता. हात गेला होता, हाताची सावली तशीच होती. "उडवतो ती. एकदा हात नाही म्हटल्यावर सावली कुणाची?"

"राहू द्या."

खोडरबरांनी चष्मा कपाळावर चढवला. एकोणीस वर्षांत तिने त्यांच्याकडून शेकडो सावल्या काढून घेतल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांवरून वाद घातला होता. "बाई, दुसऱ्या कुणी ठेवली असती तर तुम्ही लाल पेन्सिलीने फुली मारली असती."

"खोक्याची म्हणून चालून जाईल. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"मग आपल्या दोघांना कळू द्या," ती म्हणाली, आणि हसल्यासारखं केलं. खोडरबर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे, तिच्या डोळ्यांकडे, आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. पण आयुष्यभर पुसण्याचं काम केलेला माणूस, विचारणंही त्याने पुसून टाकलं. "सही करा," ते हळूच म्हणाले. त्यांनी काढून दिलेल्या नव्या नमुन्याच्या कोपऱ्यात तिने सही केली, तारीख घातली. जाणूनबुजून सोडलेली ही तिची पहिली चूक होती. सही मात्र दरवेळेसारखी सरळ आली.

चार वाजता मशीन फिरायला लागलं. जमीन हलते तशी नेहमीप्रमाणे हलली, टेबलावरची पेन्सिल गडगडत काठापर्यंत आली आणि तिने ती न बघता पकडली. दर काही मिनिटांनी ती मशीनच्या शेवटच्या टोकाशी जाऊन एक कागद उचलायची, लाल बघायची, काळा बघायची, परत ठेवायची. प्रत्येक कागदावर तीच ती, आणि प्रत्येक कागदावर उलट्या होड्यांवर तो पट्टा. घरी निघालेल्या होड्या. हजारो वेळा. शहरभर लागणार होता तो, बसथांब्यांवर, दुकानांच्या काचांवर, चांगल्या भागातही. लोक मुलीचे डोळे बघणार, लाल फीत बघणार. पट्ट्याकडे कुणी बघणार नव्हतं. संस्थेच्या बाईंनी सहा वाजता माणूस पाठवते, पहिला गठ्ठा तयार ठेवा, असं सांगितलं होतं, म्हणून साडेपाचला ती तो बाजूला काढायला गेली. हे काम मशीनवाल्याचं. तो आपला शाईचे हात पुसत होता, म्हणाला, थांबा, आलो. पण तिने तोवर कागद मोजून, सारखे करून, दोन्ही हात खाली घालून उचललेही होते.

कागद किती जड असतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. गठ्ठा छातीपाशी आला आणि डावीकडे घसरायला लागला. वरचा कागद सरकू नये म्हणून तिने डावा हात आणखी आत नेला, तळवा बुडाशी, आणि बोटं समोरून वर वळवून दाबली. काठ पेरात रुतला. तिने खाली बघितलं. चार बोटं. नखं पांढरी पडत चाललेली. अंगठा वर नव्हता. तिचा हात आता आईच्या तेव्हाच्या हातापेक्षा म्हातारा होता, नखं सरळ होती, पण बाकी तोच. आणि त्याच्या वर ती सहा वर्षांची, निवांत, समोर बघत उभी, आपल्याला कुणी धरलंय हे ठाऊक नसलेली. मग ते आलं. कुठून आलं ते तिला कळलं नाही, आधी हातात आलं, दंडात, आणि मग घशात, आणि आठ महिने जे येत नव्हतं ते एकदम इतकं आलं की तिला श्वास घेता येईना.

"ठेवा ना बाई खाली," मशीनवाला मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाला. त्याला तिची पाठच दिसत होती. "जड आहे ते."

"असू दे," ती म्हणाली.

दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. आणि शाई अजून ओली होती, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर छपाई खराब होते. म्हणून तिने मान तेवढी बाजूला वळवली. गठ्ठा सोडला नाही.